एका ग्रॅमचा थंडावा : ‘मेक सनसेट्स’च्या कूलिंग क्रेडिट सेवेचे परीक्षण

कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात एका सेवेची माहिती मला पाठवली आणि खाली लिहिले, “मामा, तुम्ही आयुष्यभर गंधक जाळलंत. हे कितपत खरं आहे ते तुम्हीच सांगा, मग मी पैसे भरतो.” ती सेवा म्हणजे ‘मेक सनसेट्स’ या अमेरिकी कंपनीचे ‘कूलिंग क्रेडिट’. आपण पैसे भरायचे, आणि कंपनीने फुग्यातून सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थरात, सोडून आपल्या नावाने पृथ्वी थोडी थंड करायची, असा तो व्यवहार आहे. मी ही सेवा विकत घेतलेली नाही. ती घ्यावी की नाही हे ठरवण्यासाठी तिची जेवढी माहिती सार्वजनिक आहे तेवढी नीट तपासली, आणि ते तपासताना सौर भू-अभियांत्रिकी, म्हणजे सूर्यप्रकाशाचा काही भाग परतवून पृथ्वी थंड करणे, हे तंत्र सुरक्षितपणे व जबाबदारीने विकसित करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न माझ्यापुरता बराच स्पष्ट झाला. म्हणून हे परीक्षण.

माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे मत तिच्यातूनच आले आहे. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी आधी लॅब केमिस्ट आणि नंतर मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून नोकरी केली. आपल्याकडची पांढरी साखर बहुतांशी सल्फिटेशन पद्धतीने होते, म्हणजे गंधक जाळून तयार झालेला सल्फर डायऑक्साइड उसाच्या रसातून आणि पाकातून सोडला जातो. कंपनी जो वायू आकाशात सोडते तोच हा वायू. त्याचा वास, त्याचा स्वभाव आणि त्याच्या हिशेबाची शिस्त यांच्याशी माझी ओळख जुनी आहे.

सेवा कशी चालते ते आधी पाहू. ल्यूक आयझमन यांनी अँड्र्यू साँग यांच्यासह ही कंपनी २०२२ मध्ये उभी केली. हवामान खाते वापरते तसा लॅटेक्सचा मोठा फुगा घेतात, त्यात थोडा सल्फर डायऑक्साइड आणि तो उचलण्यासाठी हलका वायू भरतात आणि फुगा सोडून देतात. वर जाताना बाहेरचा दाब कमी होत गेल्याने फुगा फुगत जातो आणि शेवटी फुटतो. तो फुटण्याची जागा स्थितांबरात असली, तर आतला वायू तिथे मोकळा होतो आणि काही आठवड्यांत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनून ते सूर्यप्रकाशाचा काही अंश परत अवकाशात वळवतात. एक ग्रॅम सल्फर डायऑक्साइड एक टन कार्बन डायऑक्साइडची एका वर्षाची उष्णता भरून काढतो, असे कंपनी सांगते, आणि सुरुवातीला अशा एका ग्रॅमचे मोल तिने १० डॉलर ठेवले होते. खरेदी अगदी सोपी आहे: रक्कम भरली की तुमच्या नावे तितके टन मांडले जातात.

या तंत्रामागचे मूळ तत्त्व पक्के आहे, हे मी आधीच मान्य करतो. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला, त्यातून साधारण दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात गेला आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बुदिको यांनी १९७४ मध्येच अशा कणांनी पृथ्वी थंड करण्याची कल्पना मांडली होती. ओझोनवरील कामासाठी नोबेल मिळवणारे पॉल क्रुटझन यांनी २००६ मध्ये या विषयावर लेख लिहिला, तेव्हा तो विषय चारचौघांत काढण्यासारखा झाला. तंत्राची गरज पडेल की काय, ही भीतीही मला परकी नाही. २०२१-२२ चा गळीत हंगाम ऊस जास्त असल्याने जूनपर्यंत लांबला होता आणि मराठवाड्यातल्या उभ्या उसाची तोड भर उन्हाळ्यात चालू होती. मे महिन्यात दुपारी बारा वाजता फडात वाकून कोयता चालवणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला पृथ्वीला थोडी सावली करण्याच्या कल्पनेला हसावेसे वाटणार नाही. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाच्या आधीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. त्यामुळे या विषयावर संशोधन व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. माझा आक्षेप आहे तो विक्रीला, आणि त्याचे कारण मोजमापात आहे.

गंधक जवळून कसा दिसतो ते सांगतो. भट्टीत टाकायच्या आधी तो पिवळ्या ढेकळांचा किंवा दाण्यांचा असतो, ११५ ते १२० अंशांच्या आसपास वितळतो, मधासारखा होतो आणि पेटला की निळ्या ज्योतीने जळतो. दिवसाच्या उजेडात ती ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, रात्रपाळीत मात्र झरोक्यातून पाहिली की नजर हटत नाही. भट्टीत जाणारी हवा आम्ही कळीच्या चुन्याच्या थरातून नेऊन कोरडी करत असू, कारण हवेत ओल राहिली तर आम्ल तयार होऊन नळ्या खाल्ल्या जातात. वायू थंड केल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, हाही नियम. एका हंगामात रात्री अडीचच्या सुमारास एका नळीचा सांधा सुटला आणि वायू मजल्यावर पसरला. ओला टॉवेल तोंडाला बांधून वाल्व बंद करायला गेलेल्या आमच्या फिटरला पुढचे चार दिवस धड बोलता येत नव्हते. छातीत सुई टोचल्यासारखे होते, डोळ्यांतून पाणी थांबत नाही आणि श्वास आत घ्यायलाच शरीर नकार देते. हा वायू साधा समजून हाताळायचा नसतो, हे आम्ही त्या रात्री पुन्हा शिकलो.

म्हणूनच २०२३ च्या फेब्रुवारीत नेवाडातील रेनो शहराजवळ या कंपनीने केलेल्या उड्डाणाचे जे वर्णन ‘टाइम’ नियतकालिकात आले, ते वाचून मी अस्वस्थ झालो. बुरशीनाशक म्हणून मिळणारा गंधक वाहनतळावर मांस भाजायच्या शेगडीत जाळून वायू तयार करण्यात आला होता. प्रमाण ग्रॅमचे होते, त्यामुळे त्यातून कुणाला इजा होण्याची शक्यता फारशी नव्हती, हे मी रसायनाचा माणूस म्हणून मान्य करतो. परंतु जो उद्योग पृथ्वीच्या तापमानाला हात घालण्याची भाषा करतो, त्याची पहिली पायरी म्हणजे वायू किती तयार झाला, किती शुद्ध होता आणि किती फुग्यात शिरला, याची खात्रीशीर नोंद. उघड्या शेगडीवर ती कशी ठेवणार? एक ग्रॅम गंधकापासून दोन ग्रॅम सल्फर डायऑक्साइड होतो हे शाळेतले गणित आहे, कारण गंधकाचा अणुभार ३२ आणि वायूचा रेणुभार ६४. पण ते गणित बंद भट्टीत, पूर्ण ज्वलनात खरे ठरते.

आता किमतीकडे येतो. एक ग्रॅम वायूसाठी अर्धा ग्रॅम गंधक लागतो, म्हणजे चिमटीभरसुद्धा नाही. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला साधारण अडीच टन गंधक लागतो आणि त्यातून पाच टन वायू तयार होतो. तोच वायू या सेवेच्या सुरुवातीच्या दराने मोजला तर एका दिवसाचे पाच कोटी डॉलर होतात. हे उदाहरण मी एवढ्यासाठी दिले की ग्राहकाने आपण पैसे कशाचे देतो आहोत हे ओळखावे. पैसे गंधकाचे नाहीत. ते वायू योग्य उंचीवर पोहोचवण्याचे आणि पोहोचल्यावर अमुक इतका थंडावा मिळाला या हमीचे आहेत. म्हणजे या सेवेची सगळी किंमत पोहोच आणि हमी या दोनच गोष्टींत आहे, आणि त्या दोन्ही ग्राहकाला स्वतंत्रपणे तपासता यायला हव्यात.

पोहोचण्याविषयी बोलायचे तर एप्रिल २०२२ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात सोडलेल्या पहिल्या दोन फुग्यांवर कोणतेही मोजमापाचे उपकरण नव्हते, हे डिसेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने उघड केले आणि आयझमन यांनी तेव्हा ते नाकारले नाही. फुगे कुठे फुटले, स्थितांबरात की त्याच्या कितीतरी खाली, हे त्यामुळे कुणालाच सांगता येत नाही. फुगा खालीच फुटला तर तो वायू काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतो आणि थंडावा जवळजवळ शून्य. नंतरच्या उड्डाणांत कंपनीने फुग्यांवर मागोवा घेणारी उपकरणे बसवली आणि अमेरिकेच्या १९७०च्या दशकातील हवामानात मुद्दाम फेरफार करण्याच्या प्रयोगांच्या नोंदणी कायद्यानुसार ‘नोआ’ या सरकारी संस्थेकडे उड्डाणांची माहिती देणे सुरू केले. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. तरीही फुगा कुठे गेला हे कळणे वेगळे आणि त्यातल्या वायूचे किती कण झाले, ते किती आकाराचे झाले, किती दिवस टिकले हे कळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची मोजणी काही ग्रॅमच्या बाबतीत आजच्या उपकरणांनी शक्यच नाही, कारण एवढासा वायू स्थितांबरातल्या नैसर्गिक गंधकात हरवून जातो.

राहिली हमी. एक ग्रॅमला एक टन हे गुणोत्तर मी पिनाटुबोच्या मापाने पडताळून पाहिले. हिशेब ढोबळ आहे, पण प्रत्येकाला वहीत करून पाहता येण्यासारखा आहे. दीड कोटी टन वायू धरला तरी त्याचे ग्रॅम होतात १५ लाख कोटी. कंपनीचे गुणोत्तर लावले तर पिनाटुबोने १५ लाख कोटी टन कार्बन डायऑक्साइडची एका वर्षाची उष्णता भरून काढायला हवी होती. माणसाने औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत वाढवलेला एकूण कार्बन डायऑक्साइड एक लाख कोटी टनांपेक्षा थोडाच जास्त आहे. म्हणजे पिनाटुबोचा प्रभाव मानवाने वाढवलेल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडच्या तेरा-चौदा पट भरायला हवा होता. प्रत्यक्षात पिनाटुबोमुळे पृथ्वीला मिळणाऱ्या ऊर्जेत कमाल घट झाली ती दर चौरस मीटरला तीन वॅटच्या आसपास, आणि वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आज पडलेली भर आहे दोन वॅटहून थोडी अधिक. प्रमाण दीडपटीच्या आत आले. तफावत सुमारे दहापट आहे. मोठ्या स्फोटात कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि ग्रॅममागचा परिणाम घटतो, त्यामुळे थोड्या वायूचा परिणाम ग्रॅममागे यापेक्षा चांगला असू शकतो, ही सूट कंपनीला दिलीच पाहिजे. ती सूट किती द्यायची हे मात्र कणांचा आकार, उंची, अक्षांश आणि ऋतू यांवर ठरते. नेमक्या याच चार गोष्टी संशोधनाचा विषय आहेत आणि विक्रीच्या पावतीत त्यांच्याऐवजी एकच गोल आकडा आहे. प्रयोगशाळेत एखाद्या सहकाऱ्याने असा गोल आकडा लिहिला असता तर मी त्याला नमुना पुन्हा घ्यायला लावला असता.

काळाचा हिशेब तर याहून महत्त्वाचा वाटतो. स्थितांबरातील सल्फेटचे कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, उलट हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके राहतो. माझा भाचा मुंबईला येऊन परत जातो तेव्हा त्याच्या वाट्याला ढोबळ मानाने दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड येतो. त्याने त्या वर्षाचे क्रेडिट घेतले, तर पुढच्या वर्षी तेच दोन-तीन टन हवेत तसेच असतील आणि त्याला पुन्हा पैसे भरावे लागतील, त्याच्यानंतर त्याच्या मुलीला, मग तिच्या मुलांना. हे कर्ज फेडणे नव्हे, हे भाडे भरत राहणे आहे. कंपनी ‘एका वर्षासाठी’ हे शब्द स्पष्टपणे वापरते, लपवत नाही. पण ‘क्रेडिट’ या शब्दामुळे ग्राहकाच्या मनात खाते चुकते झाल्याची भावना येते आणि ती चुकीची आहे. मोठ्या प्रमाणावर हे भाडे भरणे सुरू झाले आणि युद्धामुळे, दिवाळखोरीमुळे किंवा सरकार बदलल्यामुळे एकाएकी थांबले, तर दाबून ठेवलेली सारी उष्णता काही वर्षांत वर येईल. शास्त्रज्ञ याला ‘टर्मिनेशन शॉक’, म्हणजे एकाएकी थांबण्याचा धक्का, म्हणतात. हळूहळू तापणाऱ्या पृथ्वीपेक्षा एकदम तापणारी पृथ्वी पिकांना आणि प्राण्यांना कितीतरी कठीण जाईल.

परवानगीचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. बाहातील उड्डाणे स्थानिक लोकांना किंवा सरकारला न सांगता झाली होती. ती बातमी फुटल्यावर जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोच्या पर्यावरण मंत्रालयाने देशात सौर भू-अभियांत्रिकीच्या प्रयोगांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला आणि कारणांमध्ये पूर्वसूचना व संमती नसल्याचा स्पष्ट उल्लेख केला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही कंपनीकडून वायू कुठून आणता, फुगे कुठून सोडता, हवेच्या गुणवत्तेच्या कोणत्या यंत्रणेला कळवले, अशी माहिती मागवली. काही ग्रॅमनी मेक्सिकोच्या हवेचे काही बिघडले नाही. बिघडला तो विश्वास. ज्यांना हा विषय शिस्तीने अभ्यासायचा आहे त्यांच्यापुढे आता आधीच बंद झालेली दारे आहेत.

याच्या उलट बाजूचे उदाहरण हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘स्कोपेक्स’ प्रकल्पाचे आहे. एक फुगा २० किलोमीटरच्या आसपास नेऊन दोन किलोपेक्षा कमी कॅल्शियम कार्बोनेट सोडायचे आणि त्याच फुग्याने मागे वळून त्या धुराळ्यातले कण मोजायचे, अशी त्याची रचना होती. पहिले उड्डाण २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुना येथून, तेही कण न सोडता फक्त उपकरणे तपासण्यासाठी ठरले होते. त्या उत्तरेकडच्या भागातील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या परिषदेने आपल्याला विचारलेच नाही म्हणून हरकत घेतली, प्रकल्पाच्या सल्लागार समितीने आधी लोकांशी बोलावे असे सुचवले, उड्डाण रद्द झाले आणि मार्च २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला. मला याचे वाईट वाटते, कारण ज्या मोजणीच्या अभावाविषयी मी इथे लिहितो आहे ती मोजणी करण्यासाठीच तो प्रयोग होता. तरीही थांबण्याची तयारी असलेला प्रयोग आणि न सांगता सुटलेला फुगा यांत मी पहिल्याच्या बाजूने उभा राहीन.

आपल्याकडचा अनुभवही इथे उपयोगी पडतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसोबत २००९ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. नावातला ‘लोहा’ आपलाच आहे. समुद्रात विरघळणारे लोह टाकून शेवाळवर्गीय सूक्ष्म वनस्पती वाढवायच्या आणि त्यांच्याबरोबर कार्बन खोल समुद्रात जातो का हे पाहायचे, हा हेतू होता. हे तंत्र सूर्यप्रकाशाशी संबंधित नाही, पण निसर्गात मुद्दाम हस्तक्षेप करून मोजण्याचा प्रश्न तोच. पर्यावरणवादी संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मन सरकारने जहाज निघाल्यावर काम थांबवायला लावले, स्वतंत्र मूल्यमापन झाले आणि मगच लोह पाण्यात गेले. सुमारे ३०० चौरस किलोमीटरचा तो पट्टा शास्त्रज्ञांनी आठवडेच्या आठवडे मोजला आणि शेवटी उघडपणे सांगितले की त्या भागात सिलिका कमी असल्याने अपेक्षित वनस्पती वाढल्या नाहीत, ज्या वाढल्या त्या सूक्ष्म प्राण्यांनी खाल्ल्या आणि खोल समुद्रात कार्बन फारसा गेला नाही. अपेक्षेविरुद्धचा निकाल जाहीर करणे ही त्या प्रयोगाची सर्वांत मोठी कमाई मी मानतो. त्याच्या जोरावर कुणाला ‘लोह क्रेडिट’ विकता आले नसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात केलेल्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगातही अशीच शिस्त होती: कोणत्या ढगात बीजारोपण करायचे आणि कोणता ढग तसाच सोडायचा हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले, रडार आणि पर्जन्यमापकांनी दोन्हींचा पाऊस मोजला गेला आणि मग सुमारे १८ टक्के वाढीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विमान उडवून ‘पाऊस पाडला’ म्हणणे सोपे असते. न पेरलेल्या ढगाशी तुलना केल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नसतो.

महाराष्ट्रातील वाचकाने या सेवेकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न पडू शकतो. याचे उत्तर मोसमी पावसात आहे. सूर्यप्रकाश कमी केला की बाष्पीभवन घटते आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते. मोसमी वारे ज्या तापमानफरकावर चालतात तो फरक त्यामुळे बदलतो. पिनाटुबोनंतरच्या वर्षात जगभर जमिनीवरचा पाऊस लक्षणीय घटल्याच्या नोंदी आहेत. कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर विषुववृत्ताजवळचा पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारताचा मोसमी पाऊस कमी होतो, असे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गोविंदसामी बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संगणकीय प्रारूपांतून दिसले आहे. दोन्ही गोलार्धांत समतोल राखून सोडले तर हा बिघाड बराच टाळता येतो, हेही त्याच प्रकारच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. नेवाडा आणि बाहा दोन्ही उत्तर गोलार्धात आहेत. आजच्या ग्रॅमनी काही होत नाही, पण कंपनीचे उद्दिष्ट ग्रॅमवर थांबण्याचे नाही, आणि लाखो टनांचा निर्णय ग्राहकांच्या मागणीवर सोडला तर आटपाडीच्या किंवा माणच्या शेतकऱ्याचा पाऊस कुठे पडावा हे डॉलर भरणारा ठरवील. हे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

जबाबदारीची चौकट काय असावी हे नव्याने शोधायची गरज नाही. २००९ मध्ये ऑक्सफर्डमधील अभ्यासकांनी पाच तत्त्वे मांडली होती: हे तंत्र सार्वजनिक हिताचे म्हणून नियंत्रित व्हावे, निर्णयात लोकांचा सहभाग असावा, संशोधन आणि निकाल खुले असावेत, परिणामांचे मूल्यमापन स्वतंत्र असावे, आणि वापराआधी शासनव्यवस्था उभी असावी. या पाच कसोट्यांवर ही सेवा खुलेपणात काही गुण मिळवते, कारण कंपनी काय करते ते सांगते. बाकी चारांत तिला उत्तीर्ण म्हणता येत नाही. स्पर्धेत आलेल्या दुसऱ्या कंपनीचे, म्हणजे इस्रायली-अमेरिकी ‘स्टारडस्ट’चे, चित्र नेमके उलटे आहे. २०२५ मध्ये सहा कोटी डॉलरचे भांडवल उभारलेली ही कंपनी ग्राहकांना पावत्या विकत नाही, सरकारांशी व्यवहार करू पाहते, पण सूर्यप्रकाश परतवण्यासाठी ती वापरू पाहते तो कण तिच्या स्वतःच्या मालकीचा आहे. ज्या कणाखाली सगळ्यांनी राहायचे त्याचे हक्क खासगी असावेत, हे मला पटत नाही. ब्रिटनच्या ‘एरिया’ या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये सुमारे ५.७ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात उघड्या हवेतले छोटे प्रयोग आहेत, देखरेख समिती आहे आणि प्रयोगाआधी स्थानिक सल्लामसलतीची अट आहे. तुलनेत तो मार्ग मला योग्य वाटतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र नैरोबीत २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने फक्त तज्ज्ञगट नेमण्याचा ठराव मांडला, तोही सहमतीअभावी मागे घ्यावा लागला. नियमांची जागा रिकामी आहे, आणि विक्री त्या रिकाम्या जागेत चालली आहे.

ज्यांना या विषयासाठी खरोखर पैसे द्यायचे आहेत त्यांनी विकसनशील देशांतील संशोधकांना अनुदान देणाऱ्या ‘डिग्रीज इनिशिएटिव्ह’सारख्या संस्थेकडे पाहावे. मोसमी पावसावर, भातावर, हिवतापावर या तंत्राचा काय परिणाम होईल याचा अभ्यास ज्यांच्यावर तो परिणाम होणार त्यांनीच करणे, हे मला या क्षेत्रातले सर्वांत निकडीचे काम वाटते.

भाच्याला मी “घेऊ नकोस” असे कळवले आणि वरचा हिशेब वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवला. त्याने एकच प्रश्न विचारला, “मग मामा, हे पैसे कुठे घालू?” त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, वाळवा तालुक्यात पत्र्याच्या घरात राहते. त्याने पाठवलेल्या रकमेतून मार्चअखेर आम्ही त्या पत्र्याला उन्हे परतवणारा पांढरा रंग दिला. तत्त्व तेच आहे, फक्त उंची साडेतीन मीटर. मी मुद्दाम दोन खोल्यांपैकी एकाच खोलीवरचा पत्रा रंगवायला लावला आणि दुसरी तशीच ठेवली. दोन्ही खोल्यांत एकाच कंपनीचे तापमापक भिंतीला सारख्या उंचीवर टांगले आणि बहिणीला एक वही आखून दिली. दुपारी एक, तीन आणि पाच वाजता ती आकडे लिहिते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तीन वाजताचा फरक रोज अडीच ते साडेतीन अंशांचा आला, ढगाळ दिवशी तो एका अंशावर उतरला, आणि एके दिवशी रकाना कोराच राहिला, कारण ती बाजाराला गेली होती. तिथे तिने अंदाजे काही लिहिले नाही, आडवी रेघ मारून तारीख टाकली आहे. दुसरी खोली पावसाळ्याआधी रंगवायची आहे, पण मेअखेरपर्यंतच्या नोंदी पूर्ण झाल्यावर.